दमयंतीची डुकरं

हरेश घरतच्या बायकोने डुकरं पाळायला काढली, ही बातमी गावात फिरली तेव्हा लोकांना आधी ती थट्टाच वाटली. पनवेलजवळच्या त्या आगरी गावात घरत म्हणजे नाव असलेलं घर. विमानतळात जमीन गेली, तिच्या पैशातून दोन मजली बंगला उठला, दारात मोठी गाडी आली, आणि मग उरलेला पैसा कुठे गेला ते घरातल्या कुणालाच नीट सांगता आलं नसतं. हरेश जमिनीच्या दलालीत होता, म्हणजे दिवसभर नाक्यावरच्या ऑफिसात चहा पीत बसायचा. चूल पेटायची ती दमयंतीच्या कमाईवर. ती लग्नाच्या हॉलमध्ये आचाऱ्याच्या हाताखाली भाज्या चिरायला जायची.

तिथेच तिला हे सुचलं. प्रत्येक लग्नात पिंपं भरभरून भात, भाजी, पुऱ्या उरायच्या आणि वसईकडचा एक माणूस टेम्पो आणून ते सगळं घेऊन जायचा. एवढ्याचं करता काय, असं तिने एकदा त्याला विचारलं. डुकरं आहेत आपली, पांढरी, विलायती, असं त्याने सांगितलं, आणि याच अन्नावर दोन पोरींना इंजिनियर केलं, हेही सांगितलं. दमयंतीची मुलगी प्राची तेव्हा बारावीला होती. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि हरेश नुसतं बघू बघू म्हणत होता.

पशुवैद्यकीय कॉलेजात पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. दमयंतीने घरी बचत गटाचं काम आहे असं सांगितलं आणि पाचही दिवस गेली. वीस-बावीस पुरुषांत ती एकटी बाई. प्राचीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर तिने सगळं उतरवून घेतलं. डुकरीण गाभण राहिल्यापासून तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांनी विते. हॉटेलातलं उरलेलं अन्न उकळल्याशिवाय घालायचं नाही. पिल्लाला तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन द्यायचं, नाहीतर ते पांढरं पडून मरतं. सातवी शिकलेल्या दमयंतीला हे सगळं समजत होतं, आणि समजतंय याचाच तिला मनातून आनंद होत होता.

डोंगराच्या पायथ्याला घरतांची जमिनीची एक पट्टी शिल्लक होती. वरून विजेच्या मोठ्या तारा गेलेल्या, त्यामुळे तिला गिऱ्हाईक नव्हतं. पट्टी हरेश आणि त्याचा धाकटा भाऊ भावेश, दोघांच्या नावावर. दमयंतीने आपल्या पाटल्या मोडल्या, तिथे सिमेंटची शेड बांधली आणि चार माद्या, एक नर आणला.

हरेशने आरडाओरडा केला नाही. तिकडचे कपडे मागच्या मोरीत उतरवायचे आणि अंघोळ केल्याशिवाय घरात पाय ठेवायचा नाही, एवढं मात्र बजावलं. सासूने आपला पाण्याचा तांब्या वेगळा केला. भावेशने गावाच्या ग्रुपवर डुकराचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, आमच्या घरी नवीन पाहुणे. त्यानंतर हळदीच्या कार्यक्रमात बायका तिच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवू लागल्या. तिसऱ्या हळदीपासून तिने जाणंच सोडलं.

सोबत होती ती फक्त भामा. वरच्या कातकरी वाडीतली ही बाई कामाला आली ती टिकली. पहिली डुकरीण भर दुपारी व्यायली, अकरा पिल्लं झाली, आणि संध्याकाळच्या आत तीन आईच्या अंगाखाली चिरडून मेली. दमयंती तिथेच भिंतीला टेकून रडली. दुसऱ्या दिवशी पनवेलहून लोखंडी पाइप आणून तिने तो भिंतीपासून थोडं अंतर सोडून वीतभर वर बसवून घेतला, म्हणजे डुकरीण आडवी झाली तरी पिल्लांना आत सरकायला जागा राहील. त्यानंतर असं चिरडून क्वचितच एखादं गेलं.

दोन वर्षांत दहा माद्या झाल्या. व्यापारी फाटकाशी येऊन माल उचलायचा, घासाघीस करायचा नाही, कारण तिचं जनावर निरोगी असायचं. प्राचीची फी, गाडीचा हप्ता, सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं त्या शेडमधून निघत होतं. घरात ते कुणी बोलून दाखवत नव्हतं.

प्राची नर्स झाली, खारघरच्या एका दवाखान्यात लागली. मग स्थळ आलं, उरणच्या म्हात्र्यांचं. मुलगा मिथुन बंदरात नोकरीला, वडील गुरुदत्त म्हात्रे जुने, मानाचे गृहस्थ. पाहणं झालं, मुलगी पसंत पडली. आठवड्याने हरेश पुढची बोलणी करायला उरणला जाऊन आला. आल्यावर चपलाही न काढता ओट्यावर बसला.

"त्यांना डुकरांचं कललंय," तो म्हणाला. "ज्या घरान डुकरं हायत त्या घरची पोरगी आमी करनार नाय, असं बोलले."

प्राची आत कॉटवर बसली होती. दमयंतीने तिला विचारलं, तुझं काय म्हणणं? प्राचीने मोबाइलमधून मान वर केली नाही. तूच बघ ना आई, म्हणाली.

आठ दिवसांत दमयंतीने सगळं विकलं. गाभण माद्यासुद्धा. व्यापाऱ्यालाच वाईट वाटलं, महिनाभर थांबा म्हणाला, पण तिने ऐकलं नाही. सर्वांत थोरली डुकरीण काही केल्या टेम्पोत चढेना. माणसांनी काठ्या घेतल्या तशी दमयंतीने त्यांना बाजूला केलं, खाण्याची बादली हातात घेतली आणि स्वतः फळीवरून आधी वर गेली. डुकरीण मुकाट्याने तिच्या मागोमाग चढली.

लग्न थाटात झालं. हळदीला बायका आपणहून दमयंतीच्या शेजारी येऊन बसल्या.

चार महिन्यांनी भावेश घरी आला. खारघरचा एक भागीदार मिळाला होता, सरकारी योजनेत डुकरांच्या फार्मसाठी कर्ज मंजूर झालं होतं. तीच शेड, तीच पट्टी, फक्त भिंतींना पांढरा रंग आणि फाटकावर बोर्ड, घरत ॲग्रो फार्म. हरेशने आपल्या हिश्शाची सही देऊन टाकली होती. ती कधी दिली, हे दमयंतीने विचारलं नाही. ज्या ग्रुपवर डुकराचा फोटो आला होता, त्याच ग्रुपवर आता दिवसभर अभिनंदन चाललं होतं.

"वयनी, उद्घाटनाला तुमी या," भावेश म्हणाला. "कामाच्या मानसांना जरा दाखवायला लागंल. ते तुमालाच जमतंय."

ती गेली. नवी जनावरं येणार होती, त्यांना पहिल्या दिवशी काय घालतात ते तिथे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून गेली. फीत कापायला पाहुणे म्हणून व्याही गुरुदत्त म्हात्र्यांना बोलावलं होतं. त्यांना तिथे पाहून दमयंतीने पदर सावरला आणि मागे सरली. तेच चालत तिच्यापाशी आले.

"विहीनबाय, इतकं झकास चाललं व्हतं, तुमी बंद कशाला केलंत?" त्यांनी विचारलं. "पोरगी बगायला आलो तवाच आमच्या मंडळींना बोललो मी, आई इतकी कष्टाची हाय, पोरगी तशीच आसंल."

"तुमालाच नको व्हतं ना?" दमयंती म्हणाली.

"आमाला?" म्हात्रे गोंधळले. "कोन बोललं?"

हरेश पाचसहा पावलांवरच उभा होता. तो गाडी लावायची राहिल्यासारखा फाटकाबाहेर निघून गेला.

दमयंती दिवसभर थांबली. अन्न उकळायला लावलं, पाण्याच्या टाक्या धुऊन घेतल्या, माणसांना दाखवायचं ते दाखवलं. घरी आल्यावर तिने हरेशला एकच विचारलं, का? त्याने टीव्हीचा आवाज कमी केला.

"पोरीनंच सांगितलं," तो म्हणाला. "तिला लाज वाटत व्हती. तुज्या तोंडावर बोलायची तिची हिंमत नाय झाली, म्हून म्हात्र्यांचं नाव घेतलं."

तिने प्राचीला फोन लावला. प्राची आधी नाही म्हणाली, मग रडायला लागली. कॉलेजात असताना बसमध्ये शेजारी कुणी बसलं की आपल्या अंगाला वास तर येत नाही ना, या धास्तीने जीव अर्धा व्हायचा, दोनदोनदा अंघोळ करून निघायचे, असं ती सांगत राहिली. त्या बसचा पासही डुकरांच्याच पैशातून निघत होता. दमयंतीच्या ओठांवर ते आलं होतं. पण रडू नको, जेवलीस का, एवढं विचारून तिने फोन ठेवला.

भावेशने तिला महिना पगार देऊ केला. ती नाही म्हणाली. भामा आता भावेशकडे कामाला होती. पुढे एकदा ती सांगत आली, पिल्लं पांढरी पडून मरतायत, भावेशशेठ तुमाला बोलावतोय. तिसऱ्या दिवशी लोहाची सुई द्यायला सांग, एवढा निरोप दमयंतीने पाठवला. स्वतः गेली नाही. भामाकडून नंतर कळलं की मेलेली पिल्लं पोत्यात भरून नेली. त्या दिवशी दमयंतीने आपलं ताट तसंच झाकून ठेवलं.

पावसाळ्यानंतर ती उलव्याला बांधकामावरच्या माणसांच्या कॅन्टीनमध्ये लागली. रोज सकाळी सहाच्या रिक्षाने जायची, तीनशे माणसांच्या चपात्या लाटायच्या. पहिल्या दिवशी तिथल्या सुपरवायझर बाईंनी फॉर्म भरून घेतला. नाव, गाव, वय झालं, मग त्यांनी विचारलं, याआधी काय करायचात?

"काय नाय," दमयंती म्हणाली. "घरीच व्हते."

बाईंनी गृहिणी असं लिहिलं आणि तिला टोपी आणि एप्रन दिला.