उपग्रहाची गोधडी

माझ्या धाकट्या जावेला शिवण मी शिकवलं. लग्न होऊन ती खुलताबादकडच्या गावाहून आमच्या मुकुंदवाडीच्या घरात आली, तेव्हा तिला सुईत दोरा ओवण्यापलीकडं काही येत नव्हतं. खालच्या मजल्यावर रस्त्याकडच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान. दोघं भाऊ चिकलठाण्याच्या कंपन्यांत कामाला गेले, पोरं शाळेत गेली, की ती माझ्याजवळ येऊन बसायची. मी तिला आधी साड्यांचे फॉल दिले, मग तुरपाई, मग काज-बटण. हात चांगला होता, पण सावकाश. लई सावकाश.

"अगं, ही साडी आज द्यायचीय, दिवाळीला नाय," मी ओरडायचे.

ती हसायची आणि एक टाका तिरका गेला म्हणून अख्खी ओळ उसवायला घ्यायची. तो टाका आतल्या बाजूला असायचा. कुणी बघणार नव्हतं. मी बसल्या जागी दोन ब्लाउज संपवायचे आणि हिची एक बाही चाललेली असायची. धंदा करणं हिच्या नशिबात नाही, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यात बरंही वाटत होतं. घरात शिवणारी एक मोठी आणि एक छोटी, हे ठीक होतं.

चंद्रावर आपलं यान उतरल्यानंतरची गोष्ट. लग्नसराई चालू होती. माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, संध्याकाळी चहा घेता घेता म्हणाला, "वहिनी, आमच्या कंपनीच्या मागल्या गल्लीत एक नवी कंपनी आलीय. उपग्रहाचं काम करते. शिवणाऱ्या बाया पाहिजेत म्हणं."

"उपग्रहाला काय परकर घालतेत का?" मी म्हणाले. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, हसून हसून ठसका लागला.

पण दीर गंभीर होता. त्यानं नीट माहिती काढली होती. पूर्वी हे सगळं सरकारच करायचं, आता खाजगी लोकांनाही मुभा दिलीय. बाहेरच्या देशातल्या कंपन्यांना छोटे छोटे उपग्रह हवे असतात, शेतांचे आणि जहाजांचे फोटो काढून ते विकायला. अख्खा उपग्रह एका ठिकाणी होत नाही. सांगाडा बंगळुरूला, कॅमेरा आणखी कुठं, आणि त्याला गुंडाळायची गोधडी आपल्याकडं. कारण तेच शिवणकाम तिकडं फार महाग पडतं.

"वर एका अंगाला ऊन भाजतंय अन् दुसऱ्या अंगाला बर्फापेक्षा गार," तो म्हणाला. "गोधडी नसली तर आतलं यंत्र मरतं. दोघीबी जाऊन बघा."

मी नाही म्हणाले. माझ्याकडं नवरींच्या बहिणींपासून नवरदेवांच्या आत्यांपर्यंतचे ब्लाउज पडले होते. आणि इतकी वर्षं स्वतःच्या मशीनवर बसल्यावर कुणाच्या हाताखाली कशाला जायचं? धाकटी माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "तू जा. इथं तशीबी गर्दीच होती तुझी."

ती गेली, आणि तिला घेतलं.

पहिल्या आठवड्यात ती घरी आली तेव्हा तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, कपाळाला टिकली नव्हती. मला वाटलं, आता आत्याबाई घर डोक्यावर घेणार. मी माझ्या लग्नानंतर एकदा मशीनला अडकतात म्हणून बांगड्या काढल्या होत्या, तर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मी भाकरी थापत कान देऊन बसले.

"आत्याबाई, आत जाताना सगळं काढून ठिवावं लागतंय," धाकटी सांगत होती. "धूळ चालत नाय. पावडर नाय, काजळ नाय. अंगभर पांढरा झगा, तोंडाला फडकं, डोक्याला टोपी. केसाचा एक तुकडा जरी गोधडीत राहिला तरी ती फेकून देतेत. येताना घालायचं गडबडीत राहिलं."

आत्याबाईंनी तिच्या मोकळ्या मनगटांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "असू दे. आभाळातलं काम हाय. सोवळ्यानंच करावं."

माझी भाकरी तव्यावर करपली.

त्यानंतर घरात तिचंच बोलणं. ती काय शिवते? चंदेरी, सोनेरी कागदासारखं, पण फाटत नाही असं काहीतरी. एकावर एक थर, मधे जाळी. थर दाबले गेले तर गोधडीचा उपयोग जातो, म्हणून टाका ओढायचा नाही, सैल सोडायचा; पण सगळे सारखे सैल. एक कोपरा शिवायला अख्खा दिवस गेला तरी कुणी ओरडत नाही. ती हे सांगायची आणि मी उठून कामाला लागायचे. जे तिच्यात खोट म्हणून मी बघत आले होते, त्याला तिथं पगार होता.

गिऱ्हाइकंसुद्धा बदलली. मापं द्यायला यायची माझ्याकडं आणि बोलायची तिच्याबद्दल. बायजीपुऱ्याहून माझी एक जुनी गिऱ्हाईक बाई आली, लेकीच्या निकाहचं कापड घेऊन. मी तिच्या खांद्याचं माप घेत होते, आणि ती म्हणाली, "बाजी, आपकी देवरानी राकेट सीतीं बोलके सुने. सच्ची क्या?"

"राकेट नहीं, गोधडी," मी म्हणाले.

"अल्ला! राकेट की गोधडी!" तिनं गालावर हात ठेवला. "जरा मिलाओ ना हमको."

मी माप चुकीचं लिहिलं आणि नंतर तिला परत बोलवावं लागलं.

सगळ्यांत जास्त लागलं ते माझ्या लेकीचं. ती सातवीत. शाळेत महिला दिनाला 'मला प्रेरणा देणारी स्त्री' या विषयावर बोलायचं होतं. तिनं मला न सांगता भाषण तयार केलं आणि आदल्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं. "माझी काकू अवकाशासाठी शिवते," अशी सुरुवात. धाकटी लाजून स्वयंपाकघरात पळाली. आमचे हे टाळ्या वाजवत होते. मी मांडीवर लेकीचाच स्नेहसंमेलनाचा घागरा घेऊन टिकल्या लावत होते.

"कसं झालं, आई?" तिनं विचारलं.

"छान. पण 'अवकाश' म्हणताना जीभ अडखळतेय. नीट म्हण."

ती परत म्हणाली. जीभ मुळीच अडखळली नाही. पहिल्यांदाही अडखळली नव्हती.

पावसाळा संपता संपता कंपनीला आणखी बाया हव्या झाल्या. धाकटीनं तिथल्या मॅडमला माझं नाव सांगितलं होतं, मला न विचारता. "अक्का, तुमच्यासारखा हात कुणाचा नाय तिथं. याच," ती म्हणाली. मी दोन दिवस नाटक केलं, वेळ नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी गेले. इस्त्रीची साडी नेसून गेले आणि तिथं गेल्यावर त्यावर पांढरा झगा चढवावा लागला.

ती खोली मी विसरणार नाही. इतकं स्वच्छ काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. भिंती पांढऱ्या, टेबल पांढरं, आणि मधोमध तो चकचकीत सोनेरी पसारा. दिव्याचा उजेड त्यावरून सगळ्या खोलीत पसरला होता. आठ-दहा बाया माना खाली घालून बसल्या होत्या. बोलणं नाही, रेडिओ नाही. मला वाटलं, इथंच मला बसायचंय. माझ्या खोलीत चिंध्या, खडूची पूड, रस्त्यावरच्या रिक्षांचा धूर. मला त्या बायांचा हेवा वाटला, त्या टेबलाचा वाटला, त्या दिव्याचासुद्धा.

परीक्षा म्हणून मॅडमनी मला एक तुकडा, सुई आणि दोरा दिला. मॅडम बंगळुरूहून आलेल्या, हिंदीत बोलायच्या, वयानं माझ्याहून लहान. मी दोरा हातात घेतला, तोंडावरचं फडकं खाली केलं, आणि दोऱ्याचं टोक जिभेनं ओलं करून सुईत ओवलं.

मॅडम दचकल्या. "नहीं, नहीं," म्हणाल्या. तो तुकडा, सुई, दोरा सगळं उचलून बाजूच्या डब्यात टाकलं. दुसरं दिलं. मी सावध झाले. दहा-बारा टाके घातले, सुंदर घातले. दोरा संपला. नवा घेतला, आणि माझ्या हाताला कळायच्या आत तो तोंडाकडं गेला. या वेळी मी फडक्यावरूनच त्याला ओठ लावला होता. धाकटी समोरच्या टेबलाशी होती. तिनं बघितलं आणि पटकन मान खाली घातली. ती मान खाली घालणं मला मॅडमच्या नकारापेक्षा जास्त लागलं.

मॅडम फार चांगल्या बोलल्या. हात उत्तम आहे, सवय मोडली की परत या, म्हणाल्या. संध्याकाळी धाकटीच्या स्कूटीवर मागं बसून घरी निघाले. जालना रोडला सिग्नलला थांबल्यावर ती मागं न बघता म्हणाली, "अक्का, मनाला लावून घेऊ नका. माझाबी दोरा आधी तोंडातच जायचा. लई दिवस लागले मोडायला."

"कुणाची लागली होती तुला ती सवय?" मी म्हणाले.

सिग्नल सुटला.

मी परत गेले नाही. सवय मोडायचा प्रयत्न मात्र केला, दुकानात, दार लावून. नाही मोडली.

तिच्या गोधडीचा पहिला उपग्रह वर जायचा दिवस ठरला. रॉकेट बाहेरच्या देशातलं होतं. "काळीपिवळी जीपात सीट मिळती ना, तसं हाय," दीर सगळ्या गल्लीला समजावत होता. "एका रॉकेटात कितीतरी जणांचे उपग्रह. भाडं भरायचं अन् बसवायचं." संध्याकाळी आमच्या समोरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्हीला मोबाइल जोडला होता. आत्याबाईंनी टीव्हीला हळदकुंकू वाहिलं. धाकटी भिंतीला टेकून बसली होती, बांगड्या घातलेले हात मांडीवर ठेवून.

रॉकेट उठलं. सगळे ओरडले. मीही ओरडले. जाळाचा ठिपका लहान होत गेला. मग पडद्यावरचे लोक इंग्रजीत बोलायचे थांबले. नुसते आकडे दिसत राहिले, मग तेही गेले. थोड्या वेळानं दिराला कंपनीतून फोन आला. रॉकेटाचं वरचं इंजिन पेटलंच नाही, सगळं समुद्रात गेलं.

त्या क्षणी मला हलकं वाटलं. कुणी खांद्यावरचं ओझं उचलून घ्यावं तसं. मग माझी नजर धाकटीकडं गेली. ती रडत नव्हती. ती हाताची बोटं बघत होती, एकेक. मी उठून चहा टाकायला गेले, कारण माझा चेहरा कुणी बघू नये असं मला वाटत होतं.

पण खरं सांगते, ते हलकेपणही फार टिकलं नाही. फोन यायला लागले. मॅडमचा आला, बंगळुरूच्या मोठ्या साहेबांचा आला, परदेशातल्या कुणाचा तरी आला आणि त्याचं इंग्रजी दिरानं कसंबसं समजून सांगितलं. 'तुमचं काम उत्तम होतं, चूक रॉकेटची होती.' गल्लीतल्या बाया तिला जवळ घेत होत्या. मी शिवलेला ब्लाउज काखेत, मुंढ्याला घट्ट झाला तर गिऱ्हाईक तो माझ्या अंगावर टाकून जातं. हिचं शिवलेलं समुद्रात बुडालं आणि जगभरातून माणसं हिची समजूत काढत होती. मला तिच्या नुकसानाचाही हेवा वाटला. चहा गाळता गाळता माझं मलाच हसू आलं आणि रडूही.

मी तिला कप नेऊन दिला. "आता काय?" मी विचारलं.

"दुसरा शिवायचा," ती म्हणाली. "सोमवारपासून." आणि मग हळूच, "अक्का, भूक लागलीय वो."

मी तिला पिठलं-भाकरी करून वाढली. गर्दी पांगेपर्यंत ती जेवत राहिली आणि मी तिच्या ताटात वाढत राहिले. आमच्यात त्या दिवशी एवढंच झालं.

दुसरा उपग्रह पुढच्या उन्हाळ्यात गेला, या वेळी आपल्याच देशातून, आपल्याच रॉकेटावर. दुपारची वेळ होती, ती कंपनीत, मी दुकानात. गिऱ्हाइकाचं माप अर्धवट टाकून मी मोबाइल बघत बसले. तो नीट वर गेला, रॉकेटातून नीट सुटला, संध्याकाळपर्यंत त्याचा आवाज, म्हणजे सिग्नल, खाली आला असं दिरानं फोनवर सांगितलं. मला आनंद झाला. हेवाही तितकाच वाटला. दोन्ही एकदम होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आत्याबाई कुणाला तरी पाठवतील त्याच्या आधी मीच चौकातल्या दुकानात पेढे आणायला गेले.

"काय झालं, ताई? पोरगी पास झाली?" दुकानदारानं विचारलं.

"नाय. आमच्या घरचं एक वर गेलं."

त्याचा तराजूवरचा हात थांबला. चेहरा पडला. "कोण हो? आत्याबाई?"

"अरे देवा, तसं नाय!" मी म्हणाले, आणि भर दुकानात त्याला गोधडीपासून सगळं सांगत बसले. माझ्या जावेनं शिवलंय, माझ्या जावेनं, असं किती वेळा म्हणाले कुणास ठाऊक. त्यानं पेढ्यांच्या पुड्यावर दोन पेढे वर टाकले.

धाकटी आली तेव्हा दमलेली होती. पेढा तोंडात ठेवत म्हणाली, "अक्का, मोठी ऑर्डर आलीय. परत बाया घेतेत. मॅडम तुमचं विचारत होत्या. याल?"

"माझं इथलं कोण बघणार?" मी म्हणाले. "लग्नसराई आलीय."

तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "बरं," म्हणाली, आणि पाय धुवायला मोरीकडं गेली. मला जायचं होतं. आजही चिकलठाण्याच्या रस्त्यानं माझी रिक्षा गेली की मी त्या कंपनीच्या इमारतीकडं मान वळवून बघते.