उलट फोन

माझ्या भावाला घरात ‘साहेब’ म्हणतात, आणि ते काही कौतुकानं नव्हे. लहानपणी दारातल्या चपला तो लहान-मोठ्या अशा ओळीनं लावायचा आणि कुणी ओळ मोडली की भोकाड पसरायचा. वडील वैतागून म्हणाले, “हा एक साहेब जन्माला आलाय आपल्याकडे!” ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे आई-वडील गेले, घरात आम्ही दोघंच उरलो, मी शिलाई मशीनवर आणि तो नोकरीवर. पण मी त्याला खऱ्या नावानं हाक मारल्याचं मला तरी आठवत नाही.

नोकरी शहराच्या रुग्णवाहिका केंद्रात, फोन घ्यायची. एक लांबट खोली, भिंतीला टेकून चार टेबलं, कानाला हेडफोन. खिडकीतून खालचं अंगण दिसायचं, अंगणात गाड्या उभ्या. फोन आला की पत्ता घ्यायचा, काय झालंय ते विचारायचं आणि गाडी सोडायची. ऐकायला सोपं आहे. पण दिवसभर लोकांच्या किंकाळ्या कानात घेऊन माणूस घरी आला की त्याला ताटातलं गोड लागत नाही. वर्षानुवर्षं त्यानं ते केलं. वरची जागा होती सहायक केंद्रप्रमुखाची, आणि तिथे जायला लोकप्रशासनातली एम.ए.ची पदवी लागायची. तेव्हा या वयात, कानांवरचे केस पिकायला लागलेले असताना, साहेब संध्याकाळच्या वर्गाला जायला लागले.

मग काय विचारता! घराचं कॉलेज झालं. मी बटणं लावता लावता त्याचे प्रश्न घ्यायचे. पदसोपान म्हणजे काय, प्रदत्त अधिकार म्हणजे काय, सगळं मलाही पाठ झालं. एकदा मी विचारलं, “उत्तरदायित्व म्हणजे काय रे?”

“आपल्या अधिकारात जे घडतं त्याचा जाब देण्याची बांधिलकी.”

“कुणाला द्यायचा जाब?”

“वरिष्ठांना. लोकप्रतिनिधींना. न्यायालयाला.”

“आणि ज्याचं वाटोळं झालं त्याला?”

“ते नोट्समध्ये नाही ताई,” म्हणाला, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. आज ते हसू आठवलं की माझा मलाच राग येतो.

त्याचं सगळं आयुष्य त्या पदवीच्या पलीकडे जाऊन बसलं होतं. लग्नाचं काय? डिग्री झाली की. न्हाणीघराचं छत गळतंय. डिग्री झाली की. दाढ दुखतेय, डॉक्टरकडे जा. डिग्री झाली की. मी म्हणायचे, “मेलास तर खांदेकऱ्यांनाही सांगशील, जरा थांबा, डिग्री होऊ दे.”

शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. विषय त्यानं आपल्याच टेबलावरचा घेतला. केंद्रात खोटे फोन फार यायचे. पोरं गंमत म्हणून करायची, दारुडे करायचे, कुणी टॅक्सी वाचवायला ‘आजीला चक्कर आली’ म्हणून गाडी बोलवायचं. अशाच एका खोट्या फोनवर गाडी गेलेली असताना दुसरीकडे एक म्हातारा गाडीची वाट बघत संपला होता. साहेबाला ते फार लागलं होतं, हे मला सांगितलंच पाहिजे. तो काही दगड नव्हता.

तर त्यानं नियम बांधला. फोन आला, पत्ता घेतला, की लगेच त्याच नंबरवर आपण उलट फोन करायचा. ज्यानं फोन केला त्यानंच उचलून पुन्हा पत्ता सांगितला, तर फोन पक्का, गाडी सुटली. तो माणूस तिथे नसेल तर फोन कच्चा. कच्च्याला थांबवायचं, पुन्हा फोन येईपर्यंत. आणि अंगणात शेवटची एकच गाडी उरली असेल तर ती कच्च्या फोनवर काही झालं तरी सोडायची नाही. केंद्रप्रमुख खूश, कॉलेजातल्या मार्गदर्शक मॅडम त्याहून खूश. मॅडमनी एकच बजावलं, की निरीक्षणाच्या काळात सगळ्या फोनना एकच माप. मनाला वाटलं म्हणून एकाला सूट दिली की आकडे बिघडले, आणि आकडे बिघडले की पुन्हा पहिल्यापासून.

नियम चांगला चालला. हेही खरं ते खरं. खोट्या खेपा थांबल्या, खऱ्या लोकांकडे गाडी लवकर पोचायला लागली. साहेब घरी येऊन तक्ते काढायचा आणि शीळ घालायचा. मी म्हटलं, चला, एकदाचं घोडं गंगेत न्हालं.

निरीक्षणाचे शेवटचे दिवस होते. भर दुपारी एका बाईचा फोन आला. मुलीला श्वास घेता येत नाही, ओठ निळे पडलेत, रंगाच्या दुकानामागची इमारत, तिसरा मजला. तिचा स्वतःचा फोन बंद पडला होता म्हणून ती रस्त्यावर धावत आली होती आणि बसची वाट बघणाऱ्या एका माणसाचा फोन मागून घेतला होता. पत्ता सांगितला, फोन त्याच्या हातात कोंबला आणि पोरीकडे परत पळाली. कुठली आई थांबेल हो?

साहेबानं उलट फोन केला. तो माणूस म्हणाला, “अहो, ती बाई गेली पळत. मी ओळखत नाही तिला. मी बसमध्ये चढलोय.”

म्हणजे फोन कच्चा. आणि खाली अंगणात गाडी एकच. ड्रायव्हर बॉनेटला टेकून उभा होता. साहेबाला तो खिडकीतून दिसत होता.

साहेब थांबला. आता परत फोन येईल, मग येईल, असं करत थांबला. त्या सगळ्या वेळात दुसरा एकही फोन आला नाही. ती शेवटची गाडी ज्या पक्क्या फोनसाठी राखून ठेवली होती, तो आलाच नाही. इकडे त्या बाईनं खिडकीतून वाट बघितली, बघितली आणि शेवटी शेजाऱ्याच्या स्कूटरवर मांडीत घेऊन पोरीला नेलं. रस्त्यातच गेली ती. शाळेत नुकतं नाव घातलं होतं म्हणे.

त्या संध्याकाळी तो घरी आला आणि चपला काढल्या त्या कशाही पडल्या. मी तेव्हाच ओळखलं की काहीतरी झालंय. पाणी दिलं, ते प्यायला नाही. म्हणाला, “आवाज खरा होता ताई.”

“कुणाचा?”

“त्या बाईचा. इतकी वर्षं आवाज ऐकतोय मी. पहिल्या शब्दालाच कळतं मला. मला कळलं होतं.”

“मग सोडायची होतीस गाडी!”

“आकडे बिघडले असते,” म्हणाला, आणि स्वतःच्या तोंडून ते ऐकून त्यानं तोंडावर हात दाबला.

चौकशी झाली. दोन माणसं आली, त्यांनी केंद्रातल्या सगळ्यांना विचारलं, त्या बाईच्या घरीही जाऊन आली. निष्कर्ष असा की कार्यपद्धतीचं पालन झालेलं आहे, कुणाचाही दोष नाही. केंद्रप्रमुखानं साहेबाच्या पाठीवर थाप मारली. “सुटलास बाबा! चहा पाज आता.” साहेबानं चहा पाजला. मला हे कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी म्हटलं, “तिच्याकडे जा आणि सांग.”

“काय सांगू?”

“जे मला सांगितलंस ते. आवाज ओळखला होता, गाडी उभी होती, आणि मी सोडली नाही.”

“केंद्रप्रमुख म्हणालेत, तोंड उघडलंस तर चौकशी पुन्हा सुरू होईल. डिग्री जाईल, ती जागा जाईल, असलेली नोकरीही जाईल. तोंडी परीक्षा होऊ दे, मग जातो.”

“मी जाऊन सांगू का?”

“नको. माझं मलाच सांगू दे ताई. तेवढं तरी.”

काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ. पण त्या दिवसापासून मी त्याचे प्रश्न घेणं बंद केलं. तो पलीकडे भिंतीकडे तोंड करून पुटपुटत बसायचा आणि मी मशीन मुद्दाम जोरात चालवायचे.

प्रबंधात ती गोष्ट त्यानं लिहिली. लपवली नाही. ‘अभ्यासाच्या मर्यादा’ म्हणून एक भाग असतो शेवटी, त्यात. मॅडम म्हणाल्या, किती प्रामाणिक लिहिलंय, परीक्षकांना असं आवडतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. “त्या क्षणी तुम्ही पुन्हा असता तर काय केलं असतं?”

साहेब म्हणाला, “गाडी सोडली असती.”

“मग तुमच्या अभ्यासाला अर्थ काय राहिला?” ते म्हणाले, आणि सगळे हसले. चांगल्या मनानंच हसले. पहिला वर्ग दिला त्याला. घरी येऊन मला म्हणाला, “मला वाटलं होतं कुणीतरी मला हाकलून देईल.”

मी म्हटलं, “झाली ना परीक्षा? चल आता.”

तर म्हणे निकाल लागू दे. निकाल लागला, तर म्हणे नेमणुकीचं पत्र येऊ दे. अहो, गळकं छत आणि ती बाई, दोघांना एकाच रांगेत उभं केलं होतं त्यानं! आणि एवढं करून हाती काय लागलं? नवी खोली, नवी खुर्ची. पहिल्याच आठवड्यात त्यानं तो नियम रद्द करा म्हणून वर सांगून बघितलं. वरून विचारलं, का? तुमच्याच आकड्यांनी तर दाखवलंय की यानं माणसं वाचतात. दुसऱ्या शहरांतही लागू करतोय आम्ही. आणि आकडे तर खरेच होते.

शेवटी मीच एका रविवारी सकाळी त्याचा शर्ट इस्त्री करून समोर टाकला. म्हटलं, “घाल. आज गेला नाहीस तर या घरात पाऊल टाकू नकोस.” मी हे बोलते तेव्हा खरंच बोलते, हे त्याला ठाऊक आहे.

पत्ता शोधावा लागला नाही. रंगाच्या दुकानामागे, तिसरा मजला. जिना अरुंद, कठड्याला वाळत घातलेल्या उशा. दार एका बारीकशा बाईनं उघडलं. वय माझ्याहून कितीतरी कमी, पण डोळ्यांखाली काळं. साहेबानं नमस्कार केला, म्हणाला, “मी रुग्णवाहिका केंद्रातून…”

“आवाज ओळखला मी,” ती म्हणाली. “‘घाबरू नका, पत्ता सावकाश सांगा’ म्हणाला होतात. या ना, आत या.”

तिनं आम्हाला बसवलं. पाणी आणलं. खोलीत एक पलंग, एक टेबल, टेबलाखाली रंगीत खडूंचा डबा अजून तिथेच. साहेब तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, “तुम्ही कशाला आलात? तुमची काही चूक नव्हती. तुम्ही तर उलट फोन केला होतात. मीच फोन परत द्यायला नको होता.”

“कोण म्हणालं असं?” मी विचारलं.

“चौकशीला आलेले ना. बाई, जरा तिथेच थांबला असतात तर गाडी आली असती, म्हणाले.” तिनं पदरानं टेबलाची कड पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. “रोज तेच येतं मनात. थांबायला काय झालं होतं मला? आणि यांनी तर तेव्हापासून माझ्याशी बोलणंच टाकलंय. एका घरात राहतो. जेवायला वाढते, जेवतात. शब्द नाही.”

मी साहेबाकडे बघितलं. पांढराफटक पडला होता. इतके महिने आम्ही समजत होतो की ओझं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आहे.

मग त्यानं सांगितलं. मान खाली न घालता सांगितलं, एवढंच त्याच्या बाजूनं बोलता येईल. आवाज खरा आहे हे कळलं होतं. गाडी खाली उभी होती. दुसरा कुठलाच फोन आला नाही. नियम मीच केला होता आणि माझ्या अभ्यासाचे आकडे बिघडू नयेत म्हणून मी तो मोडला नाही. तुम्ही थांबला नाहीत ते बरोबरच केलंत.

मला वाटलं आता ती ओरडेल, पेला फेकून मारेल. मारायलाच हवा होता. तिनं फक्त विचारलं, “तुम्हाला हे कधी कळलं?”

“त्याच वेळी.”

“मग आज का आलात?”

साहेबानं माझ्याकडे बघितलं. मी मध्ये पडले नाही. त्याचं त्यालाच सांगायचं होतं ना?

“माझी परीक्षा होती,” तो म्हणाला.

ती उठली आणि आतल्या खोलीच्या दारापाशी गेली. “अहो,” तिनं हाक मारली. आतून काही उत्तर आलं नाही. ती तशीच उभी राहिली, चौकट धरून. “अहो, बाहेर या. एकदा या.” बऱ्याच वेळानं एक उंच माणूस बाहेर आला आणि तिच्याकडे न बघता भिंतीला टेकून उभा राहिला. ती साहेबाला म्हणाली, “आता पुन्हा सांगा. यांच्यासमोर. पहिल्यापासून.”

साहेबानं पहिल्यापासून सांगितलं. काही गाळलं नाही, परीक्षेचंही नाही. तो माणूस ऐकत होता. मध्येच त्यानं बायकोकडे बघितलं, मग ती ढसाढसा रडायला लागली आणि तो तिच्याजवळ गेला, पण हात पुढे करून तसाच थांबला, जसं काही हात लावायची सवयच मोडली होती. मग तो साहेबाकडे वळला.

“पास झालात का?” त्यानं विचारलं.

“झालो,” साहेब म्हणाला.