तेवीस मैलांवरचा पूल

“सू, रस्ता पाण्यात गेलाय,” कॅरल फोनवर म्हणाली.

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी नुकताच कोट काढून खुर्चीला अडकवला होता. मला वाटलं एखादा ओढा असेल. सायकली उचलून पलीकडे नेता येतील का, असं मी विचारलं. ती म्हणाली, ओढा नाही, तळं आहे. रस्ता उतरत उतरत सरळ पाण्यात शिरतो आणि समोरच्या काठाला बाहेर येऊन पुन्हा डोंगर चढायला लागतो.

“आणि पूल?” मी विचारलं.

“पूल आहे ना. कठडा दिसतोय. पाण्याखाली.”

मी खुर्चीत बसले.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहायचो. नवरा इंजिनियर, त्याची नोकरी ठरलेली होती. माझ्याकडे पुण्याची भूगोलातली एम.ए. होती आणि तिचं अमेरिकेत काय करायचं ते कुणाला सांगता येत नव्हतं. अशात एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक छोटी टूर कंपनी आहे आणि तिला नकाशे वाचणारं माणूस हवंय, असं कळलं. मालक हॅरल्ड, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेला. सुनंदा हे नाव त्याला जमेना, म्हणून पहिल्याच दिवशी मी सू झाले.

कंपनीचा धंदा असा, की अमेरिकन लोकांना युरोपात न्यायचं आणि डोंगरातल्या शांत रस्त्यांवरून सायकली चालवायला लावायच्या. जन्मभर गाडी चालवून कंटाळलेली माणसं यासाठी आनंदाने यायची. रस्ते निवडायचं काम माझं. नकाशात मोठे रस्ते लाल आणि छोटे पांढरे असतात. लाल टाळायचे, पांढरे घ्यायचे. मग एक बारीक चाक नकाशावर रस्त्याच्या वळणावळणांतून फिरवायचं, म्हणजे अंतर कळतं. शेवटी क्यू-शीट बनवायची. क्यू-शीट म्हणजे हँडलला लावायचा कागद: इतक्या मैलांवर डावीकडे वळा, इतक्या मैलांवर चर्च लागेल, तिथे पाणी भरून घ्या. मी स्वतः सायकलवर शेवटची बसले त्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती. पण हे कुणी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी आमची सार्डिनियाची पहिली टूर होती. सार्डिनिया हे इटलीचं बेट, मधोमध उंच डोंगर. हॅरल्ड तिथला मोठा रस्ता आदल्या वर्षी गाडीने फिरून आला होता. त्याचा बेत त्याच रस्त्याने जायचा होता. मीच म्हटलं, ब्रोशरमध्ये आपण शांत रस्ते म्हणतोय आणि लोकांना ट्रकमागे पाठवतोय, हे बरं नाही. मी दोन दिवस खपून एक पांढरा रस्ता शोधून काढला. दरीत उतरणारा, मुक्कामापासून तेवीस मैलांवरचा पूल ओलांडून पलीकडे चढणारा, वाटेत जवळजवळ वस्ती नाही. हॅरल्डने कौतुकाने माझ्या पाठीवर थाप मारली होती.

आता त्या शांत रस्त्याच्या टोकाशी बारा गिऱ्हाइकं उभी होती. सगळ्यात तरुण एक्कावन्न वर्षांचा. त्यांत ओहायोचा एक रिटायर्ड जज होता. त्याने आधीच्या तीन दिवसांत कॅरलला दोन लेखी तक्रारी दिल्या होत्या, एक उशांबद्दल आणि एक माझ्या स्पेलिंगबद्दल. कॅरल ही आमची टूर लीडर, तीसेक वर्षांची, कशालाही न घाबरणारी. ती एकटीच तीन मैल चढून मागच्या गावात परत गेली होती आणि तिथल्या बारमधून कलेक्ट कॉल, म्हणजे आमच्या खर्चाने फोन, करत होती.

तिने अडचण नीट सांगितली. सामानाची व्हॅन लाल रस्त्याने पुढच्या मुक्कामाला गेलेली. मागे फिरून त्या लाल रस्त्याने जायचं तर पस्तीस मैल आणि सगळा चढ. तिकडे दुपारचे दोन वाजून गेले होते, अंधाराच्या आत ते होणार नाही. शिवाय एका गृहस्थांचं इन्सुलिन सामानात गेलं होतं. संध्याकाळी ते घ्यायलाच हवं होतं.

एवढ्यात हॅरल्ड डोनटचा बॉक्स घेऊन आत आला. मी त्याला थोडक्यात सांगितलं. त्याने बॉक्स टेबलावर ठेवला आणि नकाशा ओढून घेतला.

“हा नकाशा कधीचा आहे?” तो म्हणाला.

खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत साल होतं. तो दुसऱ्या महायुद्धातला लष्करी नकाशा होता. हॅरल्डने लष्कराचा जुना माल विकणाऱ्या सरप्लसच्या दुकानातून अख्खा गठ्ठा आणला होता. काम इतकं सुबक, की मी कोपऱ्याकडे कधी बघितलंच नव्हतं. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला पहिल्या आठवड्यात जे शिकवतात, ते मी विसरले होते. कान तापले माझे.

“गावात कुणाला विचारलंस का?” मी कॅरलला म्हटलं.

तिने विचारलं होतं. पण कॅरलचं इटालियन हॉटेलच्या मेन्यूतून आलेलं. तिला माशांची अकरा नावं येत होती, रस्त्याला काय म्हणतात ते येत नव्हतं. बारवाला सारखा हात हलवत “दीगा, दीगा” म्हणत होता. हे पुढच्या गावाचं नाव असावं, असं तिला वाटत होतं. मी नकाशाभर बोट फिरवलं. दीगा नावाचं गाव कुठेच नव्हतं.

मग माझं लक्ष नदीवर गेलं. नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा असतात, त्यांना कंटूर म्हणतात. त्या जवळजवळ आल्या की समजायचं, उभा कडा आहे. पुलापासून खाली चारेक मैलांवर नदीच्या दोन्ही काठांच्या रेषा एकमेकींना चिकटल्यासारख्या झाल्या होत्या. अरुंद घळ. ते बघून मला एकदम आमच्या अण्णांची आठवण झाली.

माझे वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. माझं लहानपण धरणांच्या कॉलन्यांत गेलं. अशी घळ दिसली की अण्णा एसटीच्या खिडकीतून बोट दाखवून म्हणायचे, इथे होणार बघ धरण. आणि इथे तर ते झालेलंच होतं. नाहीतर पाणी आलं कुठून? अण्णांचं आणखी एक म्हणणं होतं. सरकार पूल बुडवतं, पण पलीकडच्या गावाची मतं बुडवत नाही. रस्ता कुठून तरी देतंच. आणि बहुतेक तो धरणाच्या भिंतीवरूनच देतं.

हॅरल्ड तोवर खालच्या दुकानात पळत जाऊन त्यांच्याकडची इटालियन डिक्शनरी घेऊन आला होता. हार्डवेअरच्या दुकानात ती का होती, देव जाणे.

“दीगा,” त्याने वाचलं. “म्हणजे धरण.”

मी कॅरलला विचारलं, गावातून बाहेर जाणारा एखादा असा रस्ता आहे का, जो त्या गावाच्या मानाने जास्तच चांगला आहे? तिला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, रुंद, गुळगुळीत, इतक्याशा गावाला कशाला हवा असं वाटेल असा. ती रिसीव्हर तसाच ठेवून बघायला गेली. आम्ही दोघं फोनला कान लावून बारमधल्या कपबशा ऐकत बसलो.

“चर्चच्या मागे आहे,” ती परत येऊन म्हणाली. “दोन ट्रक शेजारून जातील एवढा. मधे पांढरी रेघसुद्धा आहे. आणि चिटपाखरू नाही.”

“त्यावरून जा. चढ बेताचा असेल. सिमेंटचे ट्रक गेलेत त्यावरून.”

“आणि धरणावर गेट असलं तर? वॉचमन असला तर?”

तो असणारच होता. अण्णांच्या धरणांवर वॉचमन मंत्र्यालासुद्धा अडवायचा. मी म्हटलं, हुज्जत घालू नकोस. त्याला एवढंच विचार, की धरण किती उंच आहे.

“एवढंच?”

“एवढंच. आजवर त्याला ते कुणी विचारलेलं नसतं.”

फोन बंद झाला. पावणेनऊ. त्यानंतरचे साडेतीन तास मी नोकरीत काढलेले सगळ्यात लांब तास. घळ मी नकाशावर बघितली होती, भिंत नाही. भिंतीवरून रस्ता नसला तर? हॅरल्ड एका शब्दाने मला बोलला नाही. त्याने सहा डोनट खाल्ले. मी दुसऱ्या टूरची शीट टाइप करायला घेतली आणि एकाच ओळीत तीनदा डावीकडे वळले.

सव्वाबाराला फोन वाजला. ऑपरेटरने कलेक्ट कॉल घेणार का विचारलं, तर हॅरल्ड “हो” एवढ्या मोठ्याने म्हणाला की ती बिचारी दचकली असेल.

सगळे पोचले होते. इन्सुलिन वेळेवर घेऊन झालं होतं. कॅरल मला म्हणाली, आधी पाण्याचं ऐक. ती फोन करायला गेली होती तेव्हा काठावरच्या मंडळींना उकडायला लागलं. दोन बहिणी होत्या, साठीच्या, व्हरमाँटच्या. त्या कपडे काढून पाण्यात उतरल्या. मग सगळेच उतरले. जज पोहत पोहत गेला आणि बुडालेल्या पुलाच्या कठड्यावर उभा राहिला. कमरेइतकं पाणी, दोन्ही हात वर. बाकीच्यांनी फोटो काढले.

रस्ता भिंतीवरूनच जात होता. वॉचमन होता आणि त्याने फाटक बंद केलं. कॅरलने हातवाऱ्यांनी उंची विचारली. त्याने आकडा सांगितला. मग जजने रुंदी विचारली, आणि इथे जरा जास्त झालं. वॉचमनने सगळ्यांना सायकली भिंतीला टेकवायला लावल्या, भिंतीच्या पोटातल्या बोगद्यात नेलं, टर्बाइन दाखवलं, स्वतःच्या मुलीच्या लग्नाचा फोटो दाखवला. पाऊण तास कुणाला बाहेर येता येईना. शेवटी इन्सुलिनवाल्या गृहस्थांनी दंडात सुई टोचल्याची खूण केली, तेव्हा त्याने घाईघाईने पलीकडचं फाटक उघडलं.

टूर संपल्यावर जजचा अभिप्रायाचा फॉर्म आला. उशांबद्दल त्याने पुन्हा लिहिलं होतं. पण चौथ्या दिवसाला त्याने पैकीच्या पैकी मार्क दिले होते आणि धरणाची सहल ब्रोशरमध्ये का नाही, असा जाब विचारला होता. हॅरल्डने ती पुढच्या वर्षी ब्रोशरमध्ये घातली. ही माझी चूक होती, प्लॅन नव्हता, असं मी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, सू, हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.

मी अण्णांना सविस्तर पत्र लिहिलं. वाटलं, लेकीचं कौतुक करतील. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्यात तब्येतीची चौकशी होती आणि एक प्रश्न होता: धरण मातीचं की काँक्रीटचं?

नवे नकाशे आले, पण नव्या नकाशावरही माझा भरवसा बसेना. तेव्हापासून मी एक पद्धत पाडली. रस्ता निवडला की त्या गावच्या पोस्टमास्तरला पत्र टाकायचं. शेजारच्या वूस्टरमध्ये एक म्हातारा इटालियन बेकरीवाला होता, तो मला मजकूर लिहून द्यायचा. प्रश्न एकच: तुमच्याकडून पलीकडच्या गावाला टपाल कोणत्या रस्त्याने जातं? नकाशा काढणारा माणूस त्या रस्त्याने एकदा जातो. टपालवाला रोज जातो. जवळजवळ सगळ्यांची उत्तरं यायची, काही फार लांबलचक. एका पोस्टमास्तरने लिहिलं, की रस्ता उत्तम आहे, गाड्या नाहीत, फक्त तिसऱ्या वळणावर एक पांढरं कुत्रं आहे आणि त्याला चाकं आवडत नाहीत.

हॅरल्ड हसला. मी ते क्यू-शीटवर घातलं.

कुत्रं होतं.