शंकासुराच्या नावावर

आमच्या रेकॉर्ड विभागातल्या काकांना त्यांच्या पाठीमागे सगळे शंकासुर म्हणत. नाव मीच ठेवलेलं. मी विभागप्रमुख, जिभेला हाड नाही. काका माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे, पण समोर येऊन "मॅडम, एक शंका होती" म्हणाले की माझं डोकं सणकायचं.

काम तसं साधं. पेशंट घरी गेला की त्याची फाईल तळघरात आमच्याकडे येते. डॉक्टरांनी जे निदान लिहिलं असेल त्याचा कोड जाड्या पुस्तकात शोधायचा आणि कॉम्प्युटरमध्ये भरायचा. पेशंटचं तोंडही आम्हाला दिसत नाही. पण पुढे त्याचे कागद जिथे जातील तिथे आधी तो कोड बघतात. डॉक्टरांचं अक्षर कोण लावत बसतंय! नियम एकच, पण कडक. डॉक्टरांनी अर्धवट लिहिलं असेल तर अंदाज करायचा नाही. चिठ्ठी पाठवून त्यांनाच विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत फाईल थांबवायची.

काकांनी आयुष्यभर चिठ्ठ्याच लिहिल्या. "उजवा पाय की डावा, कृपया लिहावे." "गाठ कसली, कृपया लिहावे." लिफ्टमध्ये काका दिसले की डॉक्टर जिन्याने जायचे. कोणती चिठ्ठी कधी पाठवली, उत्तर कधी आलं, याची एक वहीसुद्धा ठेवली होती त्यांनी. मी म्हणायचे, "काका, घरी आमटीत मीठ आहे की नाही हेसुद्धा काकूंना चिठ्ठी पाठवून विचारता का?"

"छे हो," काका म्हणायचे, "तिथे गुपचूप गिळतो."

त्या महिन्यात तुंबलेल्या फाइलींवरून मोठ्या साहेबांनी मला चांगलंच झापलं होतं. महिनाअखेरीला एकही फाईल उरता कामा नये. मी तो राग काकांवर काढला. त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनची तारीख लागलेली, तरी बिचारे भिंग घेऊन बसले. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे सात-आठ फाइली राहिल्या, त्यांत चिठ्ठीवर अडकलेली एकच. पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंची. खांद्यामागची गाठ काढलेली, आणि सर्जननी नुसतं खरडलेलं, "आक्रमक गाठ". तपासणीचा रिपोर्ट लावलेलाच नाही. काकांची चिठ्ठी वर जाऊन नऊ दिवस झाले होते.

काका जेवायला गेले. कॉम्प्युटर त्यांच्याच नावाने उघडा होता. मी त्यांच्या खुर्चीत बसले. आक्रमक म्हणजे कॅन्सरच, आणखी काय असणार! कॅन्सरचा कोड ठोकला आणि फाईल झालेल्या गठ्ठ्यात मधेच सारून दिली. पुरती दोन मिनिटंही लागली नाहीत. काका आले, भिंग लावून उरलेल्या भरल्या आणि रिकामं टेबल बघून म्हणाले, "अरे वा, संपल्या वाटतं सगळ्या." मी वर मानसुद्धा केली नाही.

चार महिन्यांनी त्या बाई तळघरात आल्या. तपासणीचा रिपोर्ट हातात होता. गाठ डेस्मॉइड. ही गाठ कॅन्सरसारखी अंगभर पसरत नाही, पण असते तिथे आजूबाजूला शिरते आणि काढली तरी परत येऊ शकते. आमच्या पुस्तकात तिचा कप्पाच वेगळा आहे, 'वर्तन अनिश्चित'. काकांना तो तोंडपाठ होता. मला पुस्तक उघडावं लागलं.

बाई आणि त्यांचे यजमान एक मुलगी दत्तक घेणार होते. दोन वर्षांची. तीनदा भेटून आले होते. संस्थेने आमच्याकडून कागद मागवले, त्यांवर कॅन्सर दिसला, आणि आईच्या तब्येतीचा भरवसा नाही म्हणून नकार आला. खरं काय ते यांनी पटवून देईपर्यंत मुलगी दुसऱ्या घरी गेली होती.

बाईंनी आवाज चढवला नाही. "तिसऱ्या भेटीत ती आपणहून माझ्या कडेवर आली होती," त्या म्हणाल्या. "हे कुणी लिहिलं, तेवढं सांगा."

कॉम्प्युटरवर त्या कोडपुढे काकांचं नाव होतं.

साहेबांच्या खोलीत काकांनी वही काढली. बोटाने त्या ओळीवर आले. "चिठ्ठी पाठवली होती मी. उत्तराची नोंद नाही." त्यांनी वही मिटली. मला वाटलं, आता हे माझ्याकडे बघणार. पण ज्या माणसाने जन्मभर सगळ्यांवर शंका घेतली त्याने ती स्वतःवर घेतली. "त्या दिवसांत दिसत नव्हतं मला नीट. वाट न बघता मीच भरलं असणार. दुसरं कोण भरणार?"

एरवी माझं तोंड बंद करता करता लोकांच्या नाकी नऊ येतात. तेव्हा मात्र आता सांगू, मग सांगू करत मी साहेबांच्या टेबलावरची टाचण्यांची डबी बघत बसले. काकांनी बाईंची माफी मागितली. लेखी ठपका आला, त्यावर सही केली. लाज वाटते म्हणणं सोपं आहे हो. मला तेव्हा लाजेपेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटलं होतं, आणि आज त्याचीच जास्त लाज वाटते.

त्यानंतर काकांच्या चिठ्ठ्या थांबल्या. डोळे बरे झाले, पण भरलेली प्रत्येक फाईल माझ्या टेबलावर आणून ठेवायला लागले. "मॅडम, एकदा नजरेखालून घाला. माझा मला भरवसा नाही आता." दीड वर्ष मी रोज त्या तपासत होते. एकही चूक सापडली नाही.

निवृत्तीच्या दिवशी काका बोलायला उभे राहिले. काकू पहिल्याच खुर्चीत होत्या. "माझ्या हातून एकच मोठी चूक झाली," काका म्हणाले, "एका घराचं वाटोळं करणारी. पण मॅडम मला त्यावरून एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांनी ती पोटात घातली." सगळ्यांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. काकू उठून आल्या, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "तुमचे उपकार आहेत हो आमच्यावर."

"अहो, त्यात काय एवढं," मी म्हणाले.