निरगुडीचा पाला

काल सुनंनं तव्यावर निरगुडीचा पाला शेकला अन् कडवट वास घरभर पसरला. दप्तरानं नातीचा खांदा भरून आलाय.

आमची लेक सहावीत होती तवा बायको असाच पाला तिच्या खांद्यावर बांधायची. पट्ट्याचे लाल वळ उठलेले असायचे. "मास्तरला सांगून या की, एवढं वझं नको म्हणून," बायको म्हणाली.

मी कळंबच्या आडतीत हमाल. हसलो. "हमालाची पोर हाय. दप्तरानं वाकती व्हय?"

"तुमी पोतं थप्पीवर टाकून मोकळं होता. लेकरू कुठं टाकंल?"

मास्तरकडं मी गेलोच न्हाय. दुसऱ्या दिवसापासून बायकोच लेकीचं दप्तर खांद्याला लावून आडतीसमोरून जाऊ लागली. सोबतचे हमाल म्हणायचे, "आली रं तुझी जोडीदारीण, पोतं दे तिलाबी." मला लाज वाटायची. मी तोंड फिरवायचो.

बायको जाऊन वरीस झालं. आज नातीचं दप्तर मी नेलं. वाट तीच. दोनदा खाली ठेवून दम खाल्ला. ती कुठं टेकत असंल? म्या कधी बघितलंच न्हाय.