गॅलरीचा सांधा कुणाचा?

मंडळी, भजनाची सूचना पुसून कॉलनीच्या फळ्यावर हे लिहितोय, माफ करा. पण आज डोकं फिरलंय.

गेल्या वर्षी मी घराला लाकडी गॅलरी जोडली, ती तुम्ही पाहून गेलात. आज सकाळी बायकोने तिथल्या तुळशीला पाणी घातलं आणि आत बसलेल्या मला भिंतीतून टपटप ऐकू आलं. बाहेर कडक ऊन.

जाऊन पाहिलं. गॅलरीची तुळई, म्हणजे आडवं लाकूड, भिंतीला टेकते तिथे सुताराने पत्रा ठोकलेला, पण त्याची वरची कड भिंतीपासून सुटी. पाणी थेट आत. नखाने टोकरलं तर तुळई भुसभुशीत. हिच्यावर आमची मुलं उभी राहतात.

सुताराला बोलावलं. "अरे, मी शिंपी. खिशाचं झापण वरून कापडात शिवावं लागतं एवढं मला कळतं. भिंतीत खाच पाड आणि पत्र्याची कड आत घाल."

"मास्तर, भिंतीचा काम माझा न्हय. गवंड्याक बोलवा."

गवंडी आला. "पत्रा सुताराने मारला ना? मग मी कशाला हात लावू?"

दोघांनी माझा चहा प्यायला, एकमेकांना तंबाखू दिली आणि निघाले. मी दारात आडवा उभा राहिलो. भुसभुशीत तुळई दाखवून म्हटलं, "दोघं त्या गॅलरीत उभे राहा. ज्याला भीती वाटेल, त्याचं काम."

दोघंही मागे सरकले. आता एक खाच पाडतोय, दुसरा पत्रा धरून उभा आहे.

तुम्हीही गॅलरीत तांब्याभर पाणी ओता आणि आत येऊन भिंतीला कान लावा. टपटप कुणाकुणाकडे आहे?