माणिकताईंचं झोपाळू मशीन

मुलुंडच्या माणिकताई बावीस वर्षं अंधेरीच्या एका प्रकाशनात शालेय पुस्तकांची प्रुफं तपासत होत्या. प्रूफ कागदावर काढायचं, लाल पेन्सिल घ्यायची आणि ओठातल्या ओठात एकेक शब्द वाचायचा, ही त्यांची पद्धत. समोरचा कॉम्प्युटर तोवर उगाच घरघरत बसे आणि ताईंचं डोकं उठे.

शेजारच्या टेबलावरचा मुकुल ऑफिसातली लिनक्सवर चालणारी कॉम्प्युटर-मशीनं सांभाळायचा. दुपारी ताईंच्या डब्यातल्या भाजीवर पहिला हात त्याचाच. ताईंनी घरघरीची तक्रार केली, तशी त्याने सोय केली. वीस मिनिटं कीबोर्ड-माउसला कुणी हात लावला नाही, की मशीन आपोआप झोपणार. मालकांनी ती सगळ्या ऑफिसला लावायला सांगितली. "माझं तेवढं वगळलंय हां ताई. चहाहून आल्यावर कोण उठवत बसणार?" मुकुल म्हणाला होता, आणि ताईही हसल्या होत्या.

तीन महिन्यांनी मालकांच्या मुलाने, शौनक सरांनी, दोघांना बोलावलं. टेबलावर मुकुलनेच मशीनच्या लॉगमधून, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदींतून, काढून दिलेली यादी होती, कुणाचं मशीन किती झोपलं त्याची. सगळ्यात वर ताई, रोज साडेपाच तास. सगळ्यात खाली मुकुल, शून्य. एवढा वेळ करता काय, असं सरांनी विचारलं. ताईंना हसूच आलं. मशीन झोपतं तेव्हाच तर त्या कामात बुडालेल्या असतात, आणि हे मुकुलइतकं कुणाला ठाऊक होतं?

"सांग ना रे यांना," त्या म्हणाल्या.

मुकुल यादीकडेच बघत राहिला. "लॉगमध्ये आहे ते आहे, सर."

डबा खायला बसल्यावर याच्या तोंडाला खळ नसे, आणि इथे दोन वाक्यं जड झाली. नोकरी जाईल या भीतीपेक्षा ताईंना हे जास्त लागलं. त्याच्या वगळलेल्या मशीनची गोष्ट त्यांच्या ओठांवर आली होती. पण त्या बोलल्या नाहीत; का, ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. सरांनी सुधारायला एक महिना दिला.

दुसऱ्या दिवसापासून ताई एकट्याच जेवू लागल्या. उजव्या हातात पेन्सिल आणि डाव्या हाताने दर थोड्या वेळाने माउस हलवायचा. महिनाअखेरीच्या यादीत त्यांच्या नावापुढेही शून्य आलं. सरांनी शाबासकी दिली.

त्याच आठवड्यात, ताईंनी त्या महिन्यात तपासलेलं चौथीचं गणित छापून आलं. ताईंनी सवयीने पुस्तक चाळलं. अकराव्या पानावर अधिकच्या जागी वजा होतं. बावीस वर्षांत त्यांच्या नजरेतून सुटलेली पहिली चूक. खाली गठ्ठे टेम्पोत चढत होते.

"काय झालं, ताई?" मुकुलने विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाल्या. "मशीन जागं होतं माझं."